गुणवंत सासऱ्यांना वाचवायला निघाला

नाही, पण तुम्हीच सांगा, दिवाळीला सासरा जावयाला काहीतरी देतो ही जगाची रीत की नाही? शर्टपीस देतो, घड्याळ देतो, अगदीच काही जमलं नाही तर उटणं-साबणाचा डबा देतो, जावयाने नको नको म्हणत घ्यायचा, झाला पाडवा. बरं, समजा उलटं झालं, जावयालाच उमाळा आला, तर तो सासऱ्याला काय देईल? धोतर देईल, शाल देईल, गुडघ्याला चोळायचं तेल देईल... आमच्या गुणवंताने काय द्यावं? शिट्टी! प्लास्टिकची, नारिंगी, गळ्यात अडकवायच्या नाडीसकट. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा पाटावर बसलाय, लेक ओवाळतेय, आणि हा त्याच्या गळ्यात शिट्टी घालतोय आणि वर सांगतोय की मामा, ही आंघोळीलासुद्धा काढायची नाही. म्हाताऱ्याने शिट्टीकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, मग लेकीला विचारलं, "उर्मिले, याना कंपनीत काय तरास हाय का?"

त्रास कंपनीत नव्हता हो. त्रास पुस्तिकेत होता. थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल गुणवंत वेडा आहे. वेडा नाहीये, चांगला माणूस आहे. पेणकरपाड्याला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, तळमजल्यावर, आत शिरलात की डावीकडचं दार. मूळचा संगमेश्वरचा, वाढला परळला, नोकरी अंधेरीला एका औषधाच्या कंपनीत, डिस्पॅचमध्ये. बायको उर्मिला, तारोडीची. उत्तनच्या बाजूचं तारोडी, समुद्राकडचं, तिथली. दोघांचं जमलं ते टायपिंगच्या क्लासात, हा एका बोटाने टायपिंग करायचा आणि ती शेजारी बसून दहा बोटांनी, तेव्हापासून त्या घरात वेग कोणाचा आणि आवाज कोणाचा हे ठरलेलं आहे. एक मुलगी, स्वप्नाली, बारावीला. आणि तारोडीला उर्मिलाचे वडील, धर्माजी. एकटेच राहतात. थोडी भातशेती, एक शेळी, खाडीत टाकायचं एक जाळं, कौलारू घर, आणि घराच्या मागे डोंगर. डोंगर म्हणजे तसं टेकाडच, पण त्यावर एक धोंडा आहे. रिक्षाएवढा. तो धोंडा तुम्ही लक्षात ठेवा, कारण गुणवंताने दोन वर्षं दुसरं काही लक्षात ठेवलं नाही.

दोन हजार पाचची सव्वीस जुलै आठवते ना? कोणाला नाही आठवत. गुणवंत अंधेरीहून निघाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचला, छातीएवढ्या पाण्यातून, अनोळखी माणसांचा हात धरून, पायात एकच बूट. आणि घरी बघतो तर काय, कंपाउंडमध्ये पाणी आलेलं, पण बिल्डिंगच्या चार पायऱ्यांपैकी दुसऱ्या पायरीवर येऊन थांबलेलं. उंबरा कोरडा. आत उर्मिला कांदाभजी तळतेय. हा दारात उभा राहून रडला, आणि रडता रडता त्याच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसल्या. एक म्हणजे आपली बिल्डिंग एकदम सेफ आहे. आणि दुसरी म्हणजे, संकट काय फोन करून येतं? तयारी पाहिजे.

आता या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा राहतात असं विचारू नका. राहतात. माझ्याही राहतात, तुमच्याही राहतात.

पुढे त्यांच्या कंपनीत एक साहेब आले, पडद्यावर चित्रं दाखवली, दिवसभर शिबिर झालं, आणि निघताना प्रत्येकाला एक पुस्तिका मिळाली. आठ पानी. कव्हरवर कौलारू घर, मागे डोंगर, अंगणात गाय, आणि वर लिहिलेलं 'ग्रामीण कुटुंबांसाठी आपत्तीपूर्व तयारी'. शहरातल्या कुटुंबांची संपलेली होती म्हणे. आता बाकीच्या लोकांनी काय केलं? कोणी पंखा घालायला वापरली, कोणी डब्याखाली घेतली. गुणवंताने ती घरी आणून तीनदा वाचली आणि कव्हरकडे बघत बसला. कौलारू घर... मागे डोंगर... "उर्मिला," तो म्हणाला, "हे तर मामांचं घर." ती म्हणाली, बाबांकडे शेळी आहे, गाय नाहीये. पण याच्या डोक्यात तो धोंडा सुटला होता, गडगडत खाली यायला लागला होता, आणि तो काही केल्या थांबेना.

पहिल्यांदा त्याने सरळ मार्ग धरला. म्हाताऱ्याला म्हणाला, आमच्याकडे राहायला चला. धर्माजी म्हणाले, "तो धोंडा माझ्या आज्याच्या आदीपासून तितं हाय. त्याना आमाला कवा काय केला न्हाय, आमी त्याला काय केला न्हाय. तुमी मदी पडू नका." संपलं. आता येत नाही म्हटल्यावर काय करायचं? तयारी. संकट काय फोन करून येतं?

आणि मग, तुम्हाला सांगतो, दर रविवारी सुरू झालं. सकाळी आठला गुणवंत, उर्मिला, कधी मन मारून स्वप्नाली, भाईंदर वेस्टला उतरायचं, बस पकडायची, तारोडी. पुस्तिकेत सतरा वस्तूंची यादी होती, ती एका खाकी पिशवीत भरून दाराजवळच्या खुंटीला टांगली. दोरी, टॉर्च, मेणबत्त्या, काडेपेटी, खडीसाखर, खजूर, बँडेज, आयोडीन, निळी ताडपत्री, आणि हो, शिट्टी, ती दिवाळीचा मुहूर्त साधून. भिंतीवर सूचनांचा कागद चिकटवला. धर्माजींना वाचता येतं, पण चष्मा लावून वाचण्याइतकं महत्त्वाचं त्यांना आयुष्यात काही वाटलेलं नाही.

मग रंगीत तालीम. गुणवंत हातात घड्याळ घेऊन अंगणात उभा. "मामा, समजा दरड कोसळतेय."

"कवा?"

"आत्ता."

"जेवन झाल्यावर कोसलू दे."

मग हा पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवणार. घरात पाणी शिरण्याची चिन्हं काय. आधी मेन स्विच बंद करा. गॅसचा रेग्युलेटर काढा. कागदपत्रं जलरोधक डब्यात ठेवा. मोरीचं तोंड बुजवा... धर्माजींच्या घरात गॅस नाही, चूल आहे. मोरी नाही, मागे केळीत पाणी जातं. पण हा वाचायचा, मोठ्याने, प्रत्येक शब्द, कारण साहेबांनी सांगितलं होतं की ऐकून ऐकून अंगवळणी पडतं. म्हातारा सुपारी कातरत ऐकायचा. उर्मिला मागे मासे साफ करत ऐकायची. स्वप्नाली कानात वायर घालून ऐकायची नाही.

आणि पुढच्या रविवारी जाऊन बघावं तर काय? पिशवीत काही नाही. अहो, म्हातारा वापरायचा ना सगळं! दोरी शेळीला. टॉर्च घेऊन संध्याकाळी चिंबोऱ्या पकडायला जायचा. ताडपत्री सुकटावर. खडीसाखर शेजारच्या पोरांना. आयोडीन शेळीच्या खुराला लावलं, म्हणाला लई गुणकारी हाय, आणखी एक बाटली आणा. आणि शिट्टी? शेजारच्या डोंगरी गावाकडून येणारी बस त्याच्या दारात थांबत नसे, स्टॉप पार पुढे. आता हा शिट्टी मारायचा आणि ड्रायव्हर बिचारा, ट्रॅफिकवाला समजून, करकचून ब्रेक. गुणवंत डोक्याला हात लावून बसायचा, पुन्हा सगळं विकत आणायचा, पुन्हा भरायचा, आणि म्हातारा त्याच टॉर्चने पकडलेल्या चिंबोऱ्यांचा रस्सा त्याला वाढायचा, आणि हा तीन वेळा वाढून घ्यायचा. मी एकदा म्हटलं त्याला, अरे, कशाला जीवाला लावून घेतोस, सोड ना. तर म्हणतो, संकट काय फोन करून येतं?

हे दोन वर्षं. दोन वर्षं, दर रविवारी! इकडे आमच्या बिल्डिंगच्या शेजारी मोकळा प्लॉट होता, पूर्वी तिथे पाणी साठायचं, बेडूक ओरडायचे, तिथे नवीन टॉवर उठला. त्यांनी ट्रकच्या ट्रक माती आणून भरणी केली, आमच्या कंपाउंडपेक्षा कमरेएवढी उंच. मी गुणवंताला दाखवलं, म्हटलं आता पाणी जाणार कुठे? त्याने बघितलं, मान हलवली, आणि विचारलं की मामांच्या घरामागे चर खणायला माणूस मिळेल का.

तर दोन हजार सातचा जुलै. शनिवार, याला सुट्टी. गुरुवारपासून पाऊस असा लागला होता की खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. सकाळी टीव्हीवर कुठल्याशा घाटात दरड पडलेली दाखवली, झालं, चहाचा कप तसाच ठेवून गुणवंत उठला. उर्मिला म्हणाली, अहो, मोरीतून गुडगुड आवाज येतोय. तो म्हणाला, रोजच येतो. ती म्हणाली, आज वेगळा येतोय. पण हा ऐकतोय कुठे! घरातले दोन्ही टॉर्च घेतले, मेणबत्त्या घेतल्या, काडेपेट्या घेतल्या, नवीन आणलेली दोरी घेतली, औषधांचा डबा घेतला, घरातली धड असलेली एकुलती एक छत्री घेतली, आणि निघाला, सासऱ्यांना वाचवायला. दारातून वळून उर्मिलाला म्हणतो, "तुम्ही घरातच थांबा. इथे काही भीती नाही."

तारोडीला पोचला तेव्हा अकरा वाजले होते. बस डोंगरीलाच थांबली, पुढे चिखलातून चालत, छत्री उलटी झालेली, हा ओलाचिंब, डोळे डोंगराकडे, धोंडा आता दिसतोय का खाली आलाय, खाली आलाय का दिसतोय... आणि बघतो तर धोंडा आंघोळ करून बसल्यासारखा जागच्या जागी. ओटीवर धर्माजी. शेगडीत निखारे, निखाऱ्यांवर बोंबील, शेळी बाजूला कोरडी ठणठणीत. "आयलाव? बसा, चाय पन हाय."

गुणवंत बसला नाही. पायरीवर उभ्या उभ्याच त्याने सुरुवात केली, मामा, निदान आजचा दिवस तरी चला, मी हात जोडतो, तुमच्या लेकीसाठी तरी चला. आणि एवढ्यात पिशवीतून आवाज. बारीक, लांबून आल्यासारखा. फोन! मोबाइल त्याने पुस्तिकेप्रमाणे जलरोधक आवरणात ठेवला होता, म्हणजे एका पिशवीत घालून रबर, ती दुसऱ्या पिशवीत घालून रबर, ती तिसऱ्या पिशवीत. पहिलं रबर निघेपर्यंत फोन थांबला. पुन्हा वाजला. बोटं ओली, गाठ निघेना, दाताने फाडायला लागला, पुन्हा थांबला. चौथ्या वेळेला एकदाचा हाताला लागला.

"पाणी आत आलंय," उर्मिला म्हणाली.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? घरात. घोट्याच्या वर आहे. बाबा कसे आहेत?"

"बाबा बोंबील भाजतायत."

आणि लाइन तुटली.

तर सांगायचं काय, संकट फोन करून येतं. कधी कधी चारदा करून येतं, आपण उचलत नाही.

आता इथवर तुम्ही हसलात, ठीक आहे, मीही हसतो, पण त्या क्षणी गुणवंत ओटीवर खाली बसला. त्याने पुन्हा पुन्हा नंबर लावला, लागेना. आणि त्याला आपलं घर दिसायला लागलं, जसं गेल्या दोन वर्षांत त्याने एकदाही बघितलं नव्हतं. मीटरचा बोर्ड जिन्याखाली, गुडघ्याच्या उंचीवर. गॅसचा सिलेंडर जमिनीवर. घराचा करारनामा, रेशनकार्ड, स्वप्नालीची दहावीची मार्कशीट, सगळं कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. स्वप्नालीला पोहता येत नाही. आणि टॉर्च, दोरी, काडेपेटी, सगळं इथे, त्याच्या मांडीवर. एका कोरड्या घरात, एका कोरड्या शेळीसमोर. मला नंतर म्हणाला, मला रडूसुद्धा येईना रे, नुसतं तोंड कोरडं पडलं. एवढ्या पावसात तोंड कोरडं.

धर्माजींनी काय केलं? निखाऱ्यांवर राख ओढली. बोंबील टोपल्याखाली झाकले. कोपऱ्यातली जाळ्याची काठी घेतली, बांबूची, डोक्याहून उंच. पिशवी जावयाच्या हातातून घेतली, त्यातली फक्त दोरी काढून खांद्यावर टाकली, बाकी पिशवी घरात भिरकावली. दोन वर्षांत पहिल्यांदा तो माणूस एकही शब्द उलटा बोलला नाही. "चला," म्हणाला.

डोंगरीपर्यंत चालत, मग एक टेम्पोवाला भेटला, बर्फाच्या टेम्पोत मागे उभं राहून भाईंदर. स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला. तिथून रिक्षावाले कोणी येईनात, एक भैया तयार झाला, थोडं अंतर आला आणि पाणी सीटला लागल्यावर म्हणाला, चाचा, इसके आगे नाव मंगाओ. उतरले. पुढे सगळा रस्ता म्हणजे तांबडं पाणी, मांडीएवढं, कुठे कमरेएवढं, आणि रस्ता कुठला, गटार कुठलं, काही कळायला मार्ग नाही. दुकानांच्या पाट्यांवरून अंदाज घ्यायचा. गुणवंताला आता पळायचं होतं, तो पुढे घुसायला लागला, तर म्हाताऱ्याने त्याला कॉलरला धरून मागे ओढलं, दोरी त्याच्या कमरेला बांधली, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला, आणि काठी पुढे टेकवत टेकवत चालायला लागला. खाडीत चालतात तसं. आधी काठी, मग पाय, मग काठी, मग पाय. गुणवंत मागून सारखा बोलतोय, मामा, लवकर, मामा, तिकडून जवळ पडेल, मामा, उजवीकडे घ्या... आणि एका ठिकाणी काठी टेकवली ती टेकलीच नाही. खाली गेली, गेली, हाताएवढी गेली, आणि म्हातारा तिच्याबरोबर अर्धा वाकला. गटाराचं झाकण उघडं होतं. पाणी वरून एकदम शांत होतं, बाकीच्या पाण्यासारखंच.

गुणवंताने दोरी दोन्ही हातांनी धरली. गेली एकोणीस वर्षं म्हातारा त्याला अहोजाहो करत होता, तुमी या, तुमी बसा, जावई म्हणून. त्याने मागे न बघता काठी बाजूला टेकवली, जमीन शोधली आणि म्हणाला, "माझ्या पावलावर पाय ठेव. बोलू नको. मी हाय."

गुणवंत म्हणतो, त्या 'ठेव'ने मला जेवढा धीर आला तेवढा कशाने आला नाही. पावलावर पाऊल ठेवत, नाक पुसत, आला बापडा.

बिल्डिंगमध्ये शिरले तर घराचं दार सताड उघडं. आत गुडघ्याच्या वर पाणी, फ्रिज उताणा तरंगतोय, पलंगाची गादी मध्यावर गोल फिरतेय, स्वप्नालीची एक चप्पल दाराशी डुचमळतेय. माणूस नाही. "उर्मिला!" आवाज नाही. आतल्या खोलीत, मोरीत, गॅलरीत, कोणी नाही. कपाटाचा खालचा खण उघडा, रिकामा. कागद गेले, म्हणजे वाहून गेले, म्हणजे... आणि तेवढ्यात जिन्यावरून हाक, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या जागृतीबेनची. "अरे गुणवंतभाई, नीचे क्या ढूंढते हो? ऊपर आओ ने, चाय ठंडी हो रही है."

गुणवंत त्या जिन्याने कसा चढला असेल ते सांगता येत नाही, कारण दोरी सोडायची राहिली होती, तो चढला आणि मागून चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा ओढला जात चढला.

वर जागृतीबेनच्या हॉलमध्ये मी होतोच. तळमजल्याची चारही बिऱ्हाडं वर आलेली, एखाद्या लग्नघरासारखी गर्दी, थेपले, लोणचं, चहा. आणि मधोमध उर्मिला, मांडीवर प्रेशर कुकर घेऊन बसलेली. सात लिटरचा. शिट्टी लावलेला.

झालं होतं काय, सकाळी गुणवंत गेला आणि अर्ध्या तासात मोरीतून पाणी उसळायला लागलं. उर्मिलाने आधी जुन्या गोधडीचा बोळा मोरीत कोंबला आणि वर पाटा ठेवला. मग जिन्याखाली जाऊन अख्ख्या बिल्डिंगचा मेन स्विच पाडला, कोरड्या लाकडी स्टुलावर उभी राहून, हातात रबरी चप्पल घालून. आम्ही वरून ओरडतोय, टीव्ही का बंद झाला, आणि ही खालून सांगतेय, पाणी येतंय, तळमजल्याच्या म्हाताऱ्या माणसांना आधी वर घ्या. चारही घरांचे रेग्युलेटर काढायला लावले. कागदपत्रं जलरोधक डब्यात ठेवा म्हणून वाचलेलं, आता जलरोधक डबा कुठून आणायचा? कुकर! रबराची रिंग आहे, झाकण घट्ट बसतं. करारनामा, रेशनकार्ड, मार्कशीट, सगळं गुंडाळून आत, झाकण फिरवलं, चला वर. पाणी दारातून शिरायच्या आत तळमजल्यावर माणूस राहिला नव्हता. नवऱ्याला फोन तिने शेवटी केला, जिन्याच्या पायरीवर उभी राहून, तेही वडील कसे आहेत विचारायला.

गुणवंत तिच्यासमोर उभा, टपटप पाणी गळतंय. त्याने विचारलं, "तुला हे सगळं कसं सुचलं?"

ती म्हणाली, "सुचायला कशाला पाहिजे? दोन वर्षं दर रविवारी ऐकतेय. बाबांनी नसेल ऐकलं, मी मासे साफ करत होते, कान उघडे होते."

मग गुणवंत पुढे झाला. तिच्या बाजूला फरशीवर बसला, कुकरवर हात ठेवला, आणि हळूच विचारलं, "घाबरलीस का?"

"घाबरले ना," ती म्हणाली. "तुम्ही इकडे यायला निघाला असाल असं डोक्यात आलं तेव्हा."

अख्खा हॉल हसला आणि गुणवंतही हसला, आणि हसता हसता त्याचं जे व्हायचं ते झालं, जागृतीबेनने टॉवेल दिला, त्याने तोंड पुसतोय असं दाखवलं, आम्ही तसं दिसल्यासारखं दाखवलं. स्वप्नालीने आजोबांच्या कमरेची दोरी सोडली. मोठी गाठ होती, बसून बसून सोडली.

नुकसान झालं का? झालं तर. फ्रिज गेला, गादी गेली, तांदळाचा डबा गेला, भिंती कमरेपर्यंत ओल्या, पुढचे चार दिवस आम्ही सगळे बादल्यांनी चिखल काढत होतो. पण माणूस कोणाचं गेलं नाही, कोणाला शॉक लागला नाही, आणि चौथ्या दिवशी सगळ्यांनी मिळून गुणवंताच्या गॅलरीत खिचडी खाल्ली. धर्माजी जागृतीबेनकडेच मुक्कामाला. "दादाजी, ओर एक लो ने," करत ती वाढायची आणि हा खायचा. जाताना उर्मिलाला म्हणाला, "डाल गोड हाय, पन मानसा बरी हायेत." आणि तारोडीला गेल्यावर त्याने आपणहून घराच्या मागे चर खणला, झोपायची खाट मागच्या खोलीतून पुढच्या ओटीवर आणली. गुणवंताला सांगितलं, धोंड्याला भिऊन न्हाय हां, पुढं वारा येतो.

आता तुम्ही म्हणाल, चला, गुणवंताचं सार्थक झालं. झालं ना! दिवाळीनंतर आमच्या सोसायटीने रीतसर आपत्ती समिती काढली. मीटरचा बोर्ड वर घेतला, प्रत्येक मजल्यावर दोरी, टॉर्च, शिडी, दर तीन महिन्यांनी सराव. मीटिंगमध्ये अध्यक्ष म्हणून एकमताने नाव आलं, उर्मिलावहिनींचं. टाळ्या. सल्लागार, धर्माजी, येण्याजाण्याचं बसभाडं सोसायटीचं. औषधपेटी जागृतीबेन. गुणवंत पहिल्या रांगेत बसलेला, शर्ट इस्त्रीचा, पुस्तिका मांडीवर, वाट बघतोय. वही मिटता मिटता कोणाच्या तरी लक्षात आलं, म्हणाले, अरे, गुणवंतभाऊंना काय द्यायचं? सगळी पदं संपलेली. मग उर्मिलावहिनी म्हणाल्या, सरावाला एक पूरग्रस्त लागेल ना.

तेव्हापासून गुणवंत आमचा पूरग्रस्त आहे. दर तीन महिन्यांनी रविवारी सकाळी तो तळमजल्यावर आडवा पडतो, चार जण त्याला खुर्चीत बांधून चार मजले चढवतात, धर्माजी मागून ओरडतात, वाईच हळू, जावई हाय तो. वर गच्चीत सतरंजीवर निजवतात, उर्मिला डोक्याखाली उशी देते, कपाळाला हात लावून बघते. आधी त्याला अपमान वाटला होता, मला म्हणाला होता की बघ, ही किंमत. आता आदल्या दिवशी दाढी करून ठेवतो.

गेल्या सरावाला तर गंमतच झाली. सराव फार छान झाला, अकरा मिनिटांत सगळी बिल्डिंग वर, सगळे खूश, जागृतीबेनने ढोकळा केलेला, सगळे खाली खायला गेले. दुपारी कपडे वाळत घालायला मी गच्चीवर गेलो तर गुणवंत तसाच, सतरंजीवर, हात छातीवर. मी म्हटलं, अरे, दोन तास झाले, उठून यायचं नाही का? तर डोळे न उघडता म्हणतो, "कसं येणार? पूरग्रस्ताने आपणहून उठायचं नाही असा नियम आहे."

म्हटलं, कोणी केला हा नियम?

म्हणाला, "मीच."